लाबानाच्या मुली आणि आपल्या मुली

"फादर, फक्त तुमची एक सही पाहिजे. बाकी सगळं ठरलंय."

मृगाच्या आधीची एक सकाळ. पाचोडच्या परिसरातील एक सज्जन, मिस्सेला न चुकता येणारा शेतकरी माझ्यासमोर बसला होता. मुलीचे लग्न बहिणीच्या मुलाशी ठरले होते. पत्रिकेचा मजकूर छापखान्यात गेला होता. नवरा-नवरी सख्खी मामे-आते भावंडे असल्यामुळे बिशपांकडून सूट आणावी लागते, एवढे त्यांना ठाऊक होते. माझी शिफारस म्हणजे बैलगाडीला लागणारे वंगण, अशीच त्यांची समजूत होती. मी कपाळाला आठी घातलेली पाहून ते हसले आणि म्हणाले, "फादर, याकोबानं तरी दुसरं काय केलं? मामाच्याच पोरी केल्या की!"

हा युक्तिवाद मी तीस वर्षे ऐकत आलो आहे. आरंभी मीही हसून सोडून देत असे. आता तसे करवत नाही. म्हणून आज हा विषय या पानांवर उघडपणे मांडतो आहे. काही वाचकांना राग येईल, काही धर्मबंधूंना तर अधिकच येईल. त्यांनी रागवावे, पण शेवटपर्यंत वाचावे, एवढीच विनंती.

माझे म्हणणे सरळ आहे. जवळच्या नात्यातील लग्नांकडे आपण ख्रिस्ती कुटुंबे आणि आपण धर्मगुरू ज्या सहजतेने पाहतो, ती सहजता आता पाप ठरू लागली आहे. ज्याला माहीत नव्हते त्याला क्षमा आहे. ज्याला सहज माहीत करून घेता आले असते आणि ज्याने ते करून घेतले नाही, त्याच्या क्षमेचे काय?

प्रथम या रूढीला तिचा न्याय देऊ या. मामाच्या मुलीशी लग्न ही महाराष्ट्राची जुनी रीत आहे. इरावती कर्वे यांनी भारतातील नातेसंबंधांवरील १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात दाखवून दिले, की उत्तर भारतात असे लग्न निषिद्ध, दक्षिणेत ते इष्ट, आणि महाराष्ट्र या दोहोंच्या मधला. आपल्याकडे मामाची मुलगी चालते, अनेक घरांत ती हक्काचीच मानली जाते. कर्नाटक-तेलंगणाच्या सीमेकडे सरकावे तसे मामा-भाचीचे विवाहही आढळतात. १९५५च्या हिंदू विवाह कायद्याने सपिंड नात्यातील विवाहाला मनाई केली, पण रूढीला वाट मोकळी ठेवली. आणि या रूढीमागे काही शहाणपणही होते. दुष्काळी मुलखात, हुंड्याच्या बाजारात, लेक परक्या घरी देण्यापेक्षा बहिणीच्या घरी दिली तर तिला निदान पोटभर भाकरी मिळेल, आत्या सासू झाली तरी आत्याच राहील, असा बापाचा हिशेब असे. तो प्रेमाचा हिशेब होता, हे मी नाकारीत नाही.

परंतु त्या हिशेबात एक आकडा धरायचा राहून गेला. तो आकडा ज्याने प्रथम मांडला, तो आपलाच एक मठवासी होता, ही गोष्ट आपण विसरून जातो.

ग्रेगोर मेंडेल १८२२ साली एका शेतकरी कुटुंबात जन्मला आणि ब्रनो येथील ऑगस्टिनियन मठात संन्यासी झाला. पुढे १८६८ साली तो त्या मठाचा प्रमुख झाला. मठाच्या बागेत त्याने वर्षानुवर्षे वाटाण्याची झाडे लावली, त्यांचा संकर केला आणि दाणे मोजले. उंच आणि बुटक्या झाडांचा संकर केला, तेव्हा पहिल्या पिढीत सगळी झाडे उंच निघाली. बुटकेपणा जणू नाहीसा झाला. पण त्या उंच झाडांपासून पुढची पिढी घेतली, तेव्हा ७८७ झाडे उंच आणि २७७ बुटकी निघाली, म्हणजे जवळपास तीनास एक. बुटकेपणा नाहीसा झालेला नव्हता. तो दडून बसला होता. मेंडेलचा निबंध १८६६ साली छापला गेला आणि कोणी त्याची दखल घेतली नाही. तो १८८४ साली निवर्तला, आणि १९०० साली जगाला त्याच्या कामाचे मोल कळले.

जे वाटाण्यात, तेच माणसात. आपल्या शरीराच्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. प्रत्येक जोडीतील एक आईकडून आणि एक वडिलांकडून येते. त्यांवर सुमारे वीस हजार जनुके असतात, म्हणजे शरीर घडविण्याच्या सूचना. प्रत्येक सूचनेची एक प्रत आईची आणि एक वडिलांची. एका प्रतीत चूक असली, तरी बहुधा दुसरी प्रत काम भागवते आणि माणूस ठणठणीत राहतो. अशा माणसाला वाहक म्हणतात. तुम्ही, मी, बिशप, सरपंच, आपण सगळेच कुठल्या ना कुठल्या दडलेल्या चुकीचे वाहक आहोत. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. अडचण तेव्हा येते, जेव्हा नवरा आणि बायको दोघेही एकाच चुकीचे वाहक असतात. मग प्रत्येक गरोदरपणी, अपत्याला दोन्ही प्रती चुकीच्याच मिळण्याची शक्यता चारात एक असते. पहिले मूल निरोगी झाले म्हणून दुसऱ्याचा धोका वाढत नाही की कमी होत नाही. फासा प्रत्येक वेळी नव्याने पडतो.

आता याकोबाच्या घरात हा हिशेब मांडू या. समजा, आजोबांच्या एका जनुकात एक दोष दडलेला आहे. तो मुलाकडे, म्हणजे मामाकडे, येण्याची शक्यता दोनात एक, आणि मामाकडून त्याच्या मुलीकडे येण्याची पुन्हा दोनात एक. म्हणजे नात वाहक असण्याची शक्यता चारात एक. तोच दोष आजोबांच्या मुलीकडून तिच्या मुलाकडे येण्याची शक्यताही चारात एक. या नातवाचे आणि त्या नातीचे लग्न लावले, तर दोघेही वाहक असण्याची शक्यता सोळात एक, आणि त्यांच्या एखाद्या मुलाला तो रोग होण्याची शक्यता चौसष्टात एक. हाच नातू नात्याबाहेर लग्न करतो आणि बाहेरच्या समाजात शंभरात एक माणूस त्या दोषाचा वाहक आहे असे धरले, तर ती शक्यता सोळाशेत एक. म्हणजे त्या रोगापुरता धोका पंचवीस पटींनी वाढला. मामा-भाचीच्या लग्नात तर चौसष्टाच्या जागी बत्तीस येतात. हे सारे एकट्या आजोबांच्या एका दोषाबद्दल झाले. आजीचाही वाटा तेवढाच असतो, हे वेगळे सांगायला नको.

मी कोणाला भीती घालण्यासाठी हे सांगत नाही. सत्याचा दुसरा भागही तेवढाच ठामपणे सांगतो. सख्ख्या मामे-आते भावंडांच्या लग्नातून जन्मणारी बहुसंख्य मुले निरोगीच असतात. कोणत्याही जोडप्याच्या मुलात गंभीर जन्मजात व्यंग वा विकार असण्याचा धोका शंभरात दोन-तीन असतो. अशा नात्यात त्यात साधारण आणखी दोन-तीनांची भर पडते. "एवढेच ना?" असे कोणी म्हणेल. होय, एवढेच. पण शंभरातले ते दोन-तीन ज्यांच्या घरी जन्मतात, त्यांच्यासाठी ते शंभरातले शंभर असतात. आणि ज्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या हीच गाठ मारली जाते, तिथे हा आकडा एवढाच राहत नाही.

हे पाश्चात्त्यांचे खूळ आहे असे कोणी समजू नये. १९०२ साली लंडनचे डॉक्टर आर्चिबाल्ड गॅरड यांनी लघवी काळी पडणाऱ्या एका दुर्मीळ विकाराचा अभ्यास केला. अशा रुग्णांचे आईवडील पुष्कळदा सख्खी चुलत-मावस भावंडे असतात, हे त्यांच्या ध्यानात आले, आणि मेंडेलचा नियम माणसाच्या रोगाला प्रथमच लागू पडला. पुढे आपल्या मुंबईत १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक असा रक्तगट शोधून काढला, जो जगाला ठाऊक नव्हता. त्याला आज सारे जग 'बॉम्बे रक्तगट' म्हणते. साध्या तपासणीत तो 'ओ' वाटतो, पण त्या माणसाला 'ओ' गटाचे रक्तही चालत नाही. त्याच दुर्मीळ गटाचे रक्त लागते. आपल्याकडे तो दहा हजारांत एखाद्याचा असतो. हा गट येण्यासाठी दोन्ही आईवडिलांकडून दडलेली प्रत यावी लागते, आणि अशा माणसांच्या घराण्यात नात्यातील लग्ने वारंवार आढळली आहेत. तो रोग नव्हे. पण अपघातात रक्त लागले की त्या घराची जी धावपळ होते, ती पाहिलेला माणूस पुन्हा 'घरातले स्थळ' हे शब्द इतक्या सहज उच्चारणार नाही.

आता माझी स्वतःची कबुली. हा लेख लिहिण्याचे खरे कारण तेच आहे.

दीक्षा होऊन फार वर्षे झाली नव्हती. दुसऱ्या एका जिल्ह्यात मी साहाय्यक म्हणून होतो. असाच एक अर्ज माझ्या हातून लिहिला गेला. सूट मागायची तर कारण द्यावे लागते. मी सेमिनरीत शिकलेली दोन ठरीव कारणे लिहिली: गाव लहान असल्याने योग्य स्थळ मिळत नाही, आणि मुलीचे वय वाढत आहे. मुलगी एकोणीस वर्षांची होती. सूट आली, लग्न लागले, मी जेवून आलो. काही वर्षांनी त्या गावी पुन्हा जाण्याचा योग आला. तीन मुलांपैकी दोघे जन्मतः बहिरे होते. थोरला पाच वर्षांचा होईपर्यंत 'उशिरा बोलेल' म्हणून कोणी काही केले नव्हते. सासू, म्हणजे तिची सख्खी आत्याच, अंगणात सर्वांदेखत म्हणत होती की सुनेच्या पोटाचा दोष आहे. शेजारी कोणी शापाचे बोलत होते, कोणी नवसाचे. त्या बाईने मला चहा दिला आणि अगदी शांतपणे म्हणाली, "फादर, लग्नाच्या आधी तुम्ही मला विचारलं होतं, मन आहे का म्हणून. पण आई आणि मामा समोर बसले असताना विचारलं होतं."

त्या वाक्याला माझ्याकडे आजही उत्तर नाही.

तिच्या सासूला मात्र उत्तर होते, आणि ते मी त्या दिवशी दिले नाही. ते आज देतो. जन्मजात बहिरेपणाचे एक मोठे कारण आनुवंशिक असते, आणि त्यातील बहुतेक प्रकार असे दडून येणारे असतात. कॉनेक्झिन २६ नावाच्या जनुकातील दोष १९९७ साली ओळखला गेला; तो आपल्या देशातही वारंवार सापडतो. असे मूल जन्मते तेव्हा आई आणि बाप दोघांनीही एकेक प्रत दिलेली असते. दोष असेल तर दोघांच्या समाईक आजीआजोबांचा, आणि तोही दोष म्हणण्याजोगा नव्हे, कारण त्यांना तो कधी कळलाच नाही. सुनेकडे बोट दाखवणाऱ्या त्या आत्याच्या रक्तातूनच ती प्रत मुलाकडे आलेली असणार, हे तिला कोण सांगणार? मुलगी झाली म्हणून सुनेला छळणाऱ्यांचेही तेच. आईकडून प्रत्येक अपत्याला एक्स गुणसूत्रच जाते; बापाकडून एक्स गेले तर मुलगी, वाय गेले तर मुलगा. निवाडा बापाच्या बीजाने होतो आणि शिक्षा आईला होते. आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यात २०११च्या जनगणनेत सहा वर्षांखालील हजार मुलग्यांमागे ८०७ मुली उरल्या होत्या. त्या आकड्यामागे हेच अज्ञान आहे आणि त्या अज्ञानाचा फायदा घेणारी क्रूरता आहे.

आणि शाप? जन्मांध माणसाकडे पाहून शिष्यांनी प्रभूला विचारले, की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? प्रभूने दोन्ही पर्याय नाकारले. त्याच्याही शतकानुशतके आधी यहेज्केल संदेष्ट्याने आंबट द्राक्षांची ती जुनी म्हण मोडून काढली आणि बापाचा अपराध मुलाच्या माथी मारू नका असे बजावले. शुभवर्तमान दर रविवारी ऐकणाऱ्या घरात अजून शापाची भाषा चालते, याची लाज बहिऱ्या मुलाच्या आईला नव्हे, आपल्याला वाटली पाहिजे.

आता याकोबाकडे वळू. होय, त्याने लाबानाच्या मुली केल्या. त्याने दोन सख्ख्या बहिणी एकाच वेळी केल्या, आणि तीच गोष्ट पुढे लेवीयच्या पुस्तकात निषिद्ध ठरली. दासीही केल्या. मग तेही करायचे का? पवित्र शास्त्र आपल्या पूर्वजांचे जीवन लपवीत नाही, याचा अर्थ ते प्रत्येक गोष्टीचा कित्ता घालून देते असा नव्हे. आणि शास्त्र नीट वाचणाऱ्याला त्या कथेत आणखी एक गोष्ट दिसेल: लेआला कोणी विचारले नव्हते. बापाने रात्रीच्या अंधारात तिला तंबूत पोहोचवली. लाबानाचा दाखला देणाऱ्या बापांनी आधी लेआचे रडणे ऐकावे.

ख्रिस्तसभेने या बाबतीत कधीच आंधळेपणा केलेला नाही. पोप पहिले ग्रेगरी यांच्या नावे असलेल्या, इंग्लंडमधील मिशनऱ्यांना दिलेल्या उत्तरांत, जवळच्या भावंडांच्या लग्नातून संतती नीट वाढत नाही असा अनुभव सांगितला आहे. मेंडेलच्या साडेबाराशे वर्षे आधीची ही गोष्ट! १२१५ सालच्या चौथ्या लॅटरन परिषदेने निषिद्ध नात्याच्या सात पायऱ्या चारवर आणल्या. आजच्या १९८३च्या धर्मसंहितेत कलम १०९१ नुसार आडव्या नात्यात चौथ्या पायरीपर्यंत, म्हणजे सख्ख्या चुलत, मामे, आते, मावस भावंडांपर्यंत, विवाहास बाधा आहे. बिशप सूट देऊ शकतात, पण न्याय्य आणि वाजवी कारण असेल तरच. नियम मनाईचा आहे. सूट हा अपवाद आहे. आपण मात्र अपवादाची पायवाट इतकी तुडवली की तिचा हमरस्ता झाला. माझ्या धर्मगुरू बंधूंनो, लग्नाआधीच्या चौकशीचा कागद भरताना आपण साक्षीदार असतो की कारकून?

दुसरा आक्षेप: "आमच्या आजा-पणजाने असेच केले. काय झाले?" काय झाले ते दफनाच्या जुन्या नोंदवह्यांत आहे. त्या उघडाव्या आणि पाहाव्या, तान्ह्या बाळांच्या किती ओळी आहेत, आणि कारणाच्या रकान्यात 'ताप' आणि 'अशक्तपणा' याखेरीज काही नाही. त्यातली किती साथीने गेली, किती भुकेने आणि किती या गाठीमुळे, ते आता कोणी सांगू शकणार नाही. पण जी जगली त्यांच्याकडे बोट दाखवून, जी गेली त्यांची साक्ष पुसता येत नाही. शिवाय आपला शेतकरी काय करतो ते पाहा. गावचा वळू त्याच्याच कालवडींवर जाऊ नये म्हणून तो बदलतो. मोसंबीचे कलम घ्यायचे तर चांगले मातृवृक्ष पाहून, खात्रीच्या रोपवाटिकेतून घेतो. संकरित कपाशीचे बी दोन वेगळ्या वाणांपासून तयार झालेले असते, म्हणून तो पदरमोड करून ते दर वर्षी नवे आणतो. हे सारे ज्ञान गोठ्यात आणि बांधावर चालते, आणि घराच्या उंबऱ्यापाशी येऊन थांबते!

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: "फादर, आपली वस्ती मूठभर. ख्रिस्ती स्थळे आणायची कुठून?" याचे उत्तर देताना मला कटू बोलावे लागणार आहे. स्थळे कमी नाहीत. आपण ती कमी करून ठेवली आहेत. पलीकडच्या वस्तीतील मुलगा शिकलेला आहे, निर्व्यसनी आहे, एकाच वेदीवरून आपण प्रभूचे शरीर घेतो. पण त्याचा आजा बाप्तिस्म्याआधी कोणत्या जातीचा होता, हे आपल्याला पक्के आठवते. बाप्तिस्म्याच्या पाण्याने आदिपाप धुतले गेले, जात तेवढी कोरडी राहिली. औरंगाबाद धर्मप्रांत स्थापन झाला त्यास १९७७ पासून जवळपास अर्धे शतक होत आले. अहिल्यानगर, नाशिक, पुणे, वसई इथे मराठी बोलणारी हजारो कॅथलिक कुटुंबे आहेत. तरीही स्थळ शोधताना आपण आत्याच्या अंगणापलीकडे जात नाही. कागदावर मात्र 'योग्य स्थळ मिळत नाही' असे लिहून बिशपांकडे पाठवतो. हे कारण खोटे आहे. तसे खोटे मीही लिहिले आहे, म्हणून म्हणतो.

आणखी एक गोष्ट या रूढीच्या पोटात आहे. घरातले स्थळ म्हटले की लग्न लवकर उरकता येते. पाळण्यात ठरलेल्या मुलीला विचारायचे काय आणि थांबवायचे कशाला? आपल्या पाचोडलाच डॉ. अशोक दयालचंद यांच्या आरोग्य संस्थेने किशोरवयीन मुलींसाठी वर्षानुवर्षे काम केले, मुलींची लग्ने पुढे ढकलावीत म्हणून गावोगाव आईबापांशी बोलणे केले. जे काम आपल्या दारात चालले, त्यातून आपण काय घेतले?

आता दुसऱ्या टोकाच्या मंडळींशीही दोन शब्द. शहरात शिकून आलेला एखादा तरुण म्हणतो, "फादर, लग्न होऊ द्या. पोटात असताना तपासणी करू आणि दोष निघाला तर पाडून टाकू." त्याला मी तितक्याच ठामपणे नाही म्हणतो. आनुवंशिकतेचे ज्ञान हे प्रेमाचे साधन आहे, निवड करून फेकून देण्याची चाळणी नव्हे. १९३३ साली जर्मनीत नाझींनी कायदा करून आनुवंशिक बहिऱ्यांसह अनेकांची सक्तीने नसबंदी केली, आणि पुढे दुबळ्यांच्या हत्येपर्यंत मजल गेली. तेव्हा १९४१ साली मुन्स्टरचे बिशप फॉन गालेन प्रवचनपीठावरून त्याविरुद्ध गरजले. डाउन सिंड्रोमच्या मुलांत एक गुणसूत्र जास्त असते हे १९५९ साली जगापुढे मांडणाऱ्यांपैकी एक, फ्रान्सचे डॉ. जेरोम लेजून, आपल्या शोधाचा उपयोग त्या मुलांना जन्माआधीच संपवण्यासाठी होतो आहे हे पाहून आयुष्यभर त्याविरुद्ध लढले. बहिरे मूल जन्मण्याची शक्यता लग्नाआधीच टाळणे हे शहाणपण आहे. जन्मलेल्या वा गर्भात असलेल्या बहिऱ्या मुलाला चूक समजणे हे पाप आहे. या दोन गोष्टींत आभाळपाताळाचे अंतर आहे.

आणि आनुवंशिकता म्हणजे कपाळी लिहिलेले नव्हे. घराण्यात मधुमेह आहे म्हणजे तो होणारच असे नाही. आहार, श्रम आणि वजन यांचा त्यात मोठा वाटा असतो. बहिऱ्या मुलाची तपासणी जन्मानंतर लगेच झाली, सहा महिन्यांच्या आत उपचार आणि भाषेचे शिक्षण सुरू झाले, तर त्याचे आयुष्य पार बदलते. मग ती भाषा ओठांची असो वा हातांची. बालकांच्या अशा तपासणीसाठी सरकारचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे. त्या थोरल्या मुलाची पाच वर्षे जनुकांनी नाही घेतली. ती आपण घेतली.

म्हणून माझ्या मागण्या मांडतो. लग्नाची बोलणी पक्की होण्याच्या निदान सहा महिने आधी धर्मगुरूला कळवावे. चौकशीच्या वेळी तीन पिढ्यांची वंशावळ कागदावर काढावी. कोण लहानपणी गेले, कोणाला काय विकार होता, ते न लपवता सांगावे. मुलीला आणि मुलाला एकेकटे विचारावे, आणि त्यांच्या 'नाही'चे कारण आईबापांना न सांगता धर्मगुरूने ते स्वतःच्या माथी घ्यावे. लग्नाआधी थॅलसेमिया आणि सिकलसेल या विकारांसाठी रक्त तपासावे. ही तपासणी नात्याबाहेरच्या जोडप्यांनीही करावी. नात्यातील लग्न आधीच झालेले असेल, तर त्या जोडप्याला कोणी टोचून बोलू नये; त्यांचा विवाह पवित्र आहे, त्यांना सल्ल्याची आणि आधाराची गरज आहे. आणि धर्मप्रांतांनी मिळून वधू-वरांची एक समाईक नोंदवही ठेवावी, जिच्यात पूर्वीच्या जातीचा रकाना नसेल.

त्या सकाळी मी सही केली नाही. "मुलीला उद्या एकटीला पाठवा," म्हणालो. ती आली. नर्सिंगचे शेवटचे वर्ष होते. खूप वेळ पदराच्या टोकाशी चाळा करीत बसली आणि मग म्हणाली, "फादर, तो मला भावासारखा आहे. लहानपणापासून त्याला राखी बांधत आले. पण हे बाबांना माझ्या तोंडून कळू देऊ नका."

मी बाबांना एवढेच सांगितले की शिफारस देणार नाही. ते उठून गेले. त्यानंतरच्या रविवारपासून मिस्सेत उजवीकडच्या तिसऱ्या बाकावरची त्यांची जागा रिकामी आहे. मुलगी मात्र येते, मागे बसते. मी दर रविवारी त्या रिकाम्या जागेकडे पाहतो. ते परत येतील तेव्हा त्यांच्याजवळ बसून मला आजोबांपासूनचा तो चौसष्टाचा हिशेब सावकाश सांगायचा आहे. सही मात्र मी करणार नाही.